नजरेचं माप

आमच्या भावजींना माप घ्यायला टेप लागत नाही, ही गोष्ट गावभर झाली होती आणि ती करण्यात माझ्या तोंडाचा मोठा वाटा होता. गिऱ्हाईक दुकानात आलं की मी काउंटरमागून सांगायचे, "उभे राहा नुसते. आमचे मास्तर माप घेत नाहीत, बघतात." मग भावजी कापायच्या टेबलामागून बाहेर यायचे, चार पावलं लांब उभे राहायचे, मान तिरकी करायचे. "वळा," म्हणायचे, "हात वर," म्हणायचे आणि मला एकेक आकडा सांगत जायचे. कोट तयार झाला की तो अंगावर असा बसायचा की माणूस आरशासमोरून हलायचं नाव घ्यायचा नाही.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. दुकान आम्हा दोघांचं. कापणं आणि शिवणं त्यांचं. काज, बटणं, इस्त्री आणि भांडणं माझी. जागा रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे, त्यामुळे खिडकीतून आम्हाला आधी माणसाचे बूट दिसतात आणि मग माणूस. आमचे हे बस चालवतात. दिवसभर हॉर्न वाजवून इतके दमतात की घरी आल्यावर तोंडातून शब्द काढत नाहीत. म्हणजे घरात बोलायचं कामही माझ्याकडेच.

भावजींची एक तऱ्हा होती. ट्रायलच्या वेळी टेलर लोक गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड धरून टाचण्या लावतात. भावजींनी खडू एका लांब पट्टीच्या टोकाला बांधला होता. तेवढ्या अंतरावरून ते बरोबर जिथं हवी तिथं रेघ मारायचे. टाचण्या लावायला मी. लोकांना वाटायचं, काय ऐट आहे या माणसाची! मलाही तसंच वाटायचं. मोठ्या कारागिराचे नखरे असतातच, असं मी सगळ्यांना समजावून सांगायचे.

आता आजाराचं सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी भावजींना ताप यायला लागला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. अंगावरचं मांस उतरलं, स्वतःच शिवलेले शर्ट त्यांच्या अंगावर लोंबायला लागले. तपासण्या झाल्या आणि एचआयव्ही निघाला. त्यांनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं. आमचे हे मटकन खुर्चीत बसले. मी गॅस बंद केला आणि विचारलं, "औषध आहे?"

"आहे. रोज घ्यायचं. जन्मभर."

"मग घ्या. तोंड पाडून काय उभे आहात?"

त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. आज कुणी तसं उभं राहिलं तरी मी हेच म्हणेन. कसा झाला, कुणाकडून झाला, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. पुढे ज्या दोनचार नातेवाइकांना कळलं, त्यांच्यातल्या एकीनं नाक खुपसलंच. मी म्हटलं, "तुमचा मधुमेह कुठून आला ते आधी सांगा, मग बसून बोलू." ती अजून माझ्याशी बोलत नाही. मला त्याचं काडीचं दुःख नाही.

गोळ्या सुरू झाल्या. भावजींनी एकही चुकवली नाही. बघता बघता माणूस सावरला, गाल भरले, मशीनवरचा पाय पुन्हा पहिल्यासारखा चालायला लागला. मग एके दिवशी दवाखान्यातल्या ताईंनी सांगितलं की रक्तात विषाणू आता तपासणीतसुद्धा सापडत नाही. या ताई डॉक्टर नव्हेत. औषध घेणाऱ्यांशी बोलायला, त्यांचं मन कसं आहे ते बघायला त्यांची नेमणूक आहे. "गोळ्या अशाच चालू ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि लोकांसारखं जगा. हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार कधीच कुणाला होत नाही." माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

कसलं संपतंय! घरात भावजींचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, साबण वेगळा. आम्ही कुणी वेगळं केलं नव्हतं, त्यांनी स्वतःच केलं होतं. कप स्वतः धुवायचे आणि फळीच्या अगदी टोकाला पालथा घालायचे. मी एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर त्यांच्या कपातून चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी फळीवर नवा कप. त्यातूनही प्यायले. मग त्यांनी कप स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला. लग्नाचं बोलणं चाललं होतं, ते त्यांनी केव्हाच थांबवलं होतं. रविवारी मित्रांबरोबर पत्ते खेळायला जायचे, तेही बंद. का, तर पत्ते हातोहात फिरतात म्हणे.

दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर जाते, कारण एकटं पाठवलं तर "सगळं उत्तम" म्हणून दोन मिनिटांत परत येतात. ताई दर वेळी विचारतात: झोप लागते का, भूक लागते का, सकाळी उठून कामाला जावंसं वाटतं का, मनातलं कुणाशी बोलता का. भावजींचं ठरलेलं उत्तर, "उत्तम." एकदा ताईंनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला शेवटचं कुणी जवळ कधी घेतलं होतं?"

भावजी पंख्याकडे बघायला लागले.

"घेणार कसं?" मी तोंड घातलं. "हे सापडायला तर पाहिजेत ना हाताला!"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी भावजींकडे बघितलं आणि पुढची तारीख दिली.

मग डोळ्यांनी दगा दिला. आधी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही आखूड झाली. आम्ही म्हटलं, होतं एखाद्या वेळी. मग एकाचं जाकीट इतकं घट्ट झालं की बटण लावल्यावर त्याला वाकता येईना. चष्मा करून आणला. त्या चष्म्यातून कात्रीखालचं कापड दिसायला लागलं, पण लांबचा माणूस कधी जाड दिसायचा, कधी बारीक. परत आलेल्या कपड्यांचा ढीग वाढत चालला. आमचं दुकान म्हणजे उसवायचं दुकान झालं.

"टेप घ्या की सरळ," मी म्हटलं. "जगातले सगळे टेलर टेप घेतात. त्यांना काय कमीपणा येतो?"

"बघू."

"बघू काय? बघूनच तर घोटाळा झालाय!"

ते ऐकेनात. आधी म्हणाले, सवय नाही. मग म्हणाले, लोक हसतील. मग म्हणाले, टेप जुनी झालीय, ताणली गेलीय. मी नवी आणून टेबलावर ठेवली. ती तिथंच पडून राहिली. मला कळेना, घोडं पेंड खातंय कुठं. शेवटी एका दुपारी मी शटर अर्धं ओढलं, त्यांच्यासमोर स्टूल घेतलं आणि सांगितलं, खरं कारण कळल्याशिवाय मी उठणार नाही.

भावजी कात्री पुसत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मी नजरेनं माप घ्यायला कधी शिकलोच नव्हतो. तो रिपोर्ट हातात आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. तुम्ही तेव्हा अजून दुकानात यायला लागला नव्हतात. टेप घेऊन पुढे गेलो आणि हात उचलेनात. म्हटलं, लांबूनच बघू. बघत गेलो, जमत गेलं."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात की ही कला आहे. माझं बरंच झालं."

मला आधी हसू फुटलं आणि मग असा राग आला की सांगता सोय नाही. ज्या गोष्टीची आम्ही गावभर फुशारकी मारली, ती या माणसाची भीती होती. त्या पट्टीच्या टोकाला बांधलेल्या खडूचासुद्धा मला राग आला. "ताईंनी किती वेळा सांगितलंय, हात लावून काही होत नाही म्हणून?"

"डोक्याला माहीत आहे, वहिनी," ते म्हणाले. "हाताला पटत नाही."

डोळे पुसून मी टेप उचलली आणि म्हटलं, "ठीक आहे. उद्यापासून मापं मी घेते."

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही हसू येतं. पुरुष गिऱ्हाइकांची मापं बाईनं घ्यायची म्हटल्यावर एकेकाची जी फजिती व्हायची! मी टेप घेऊन जवळ गेले की लोक श्वास रोखून पोट आत ओढायचे आणि टेप काढली की फुस्स करून सोडायचे. मीही संकोचत होते. टेप अंगाला घट्ट लागू नये म्हणून कमरेचं माप घेताना आत दोन बोटं घालून धरायचे. वाटलं, आपण शहाणपणा केला. आता प्रत्येक टेलर मापाला थोडं सैल सोडतोच. भावजी कापड बेतताना ते आपल्या हिशेबानं सोडायचे. त्यांना वाटे, वहिनींनी अंगाबरोबर माप दिलंय. मला वाटे, बोटांची जागा धरून दिलंय म्हणजे झालं. सैल दोनदा सोडलं जात होतं आणि दोघांपैकी एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही.

हे सगळं अंगाशी आलं ते बँडमास्तरमुळे. आमच्या बागेत दर रविवारी बँड वाजतो. त्याचा प्रमुख म्हणजे गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा, सतत बोलणारा माणूस. स्वतः ट्रंपेट वाजवतो. त्यानं आमच्याकडून नवी पँट शिवून घेतली, पट्टा लावायचा नाही अशी त्याची जुनी सवय, आणि रविवारी ती घालून उभा राहिला. सगळ्यात लांब सूर धरायची वेळ आली, दोन्ही हात ट्रंपेटवर, छाती फुगलेली, पोट आत गेलेलं, आणि पँट निघाली खाली. त्यानं सूर सोडला नाही, हे मानलं पाहिजे. गुडघे एकमेकांना चिकटवून त्यानं गाणं पुरं केलं. बागेतली माणसं हसून हसून बाकावरून पडायची राहिली होती.

सोमवारी सकाळी खिडकीत त्याचे पांढरे बूट दिसले आणि मी हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

तो आला, त्यानं पँट काउंटरवर टाकली आणि सुरू झाला. अर्धी गल्ली ऐकत होती. सगळं बोलून झाल्यावर तो जरा खाली बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "हे बघा मास्तर, स्पर्धा आलीय. सबंध बँडचे नवे कोट शिवायचे आहेत. काम तुम्हालाच द्यायचं होतं मला. अजून देईन. पण तुम्ही स्वतः टेप लावून माप घेणार असाल तरच. हे नजरेचे खेळ नकोत, आणि वहिनी, माफ करा, तुमचंही माप नको. आठवड्यात सांगा."

त्या रात्री जेवताना भावजी म्हणाले, "लाकडाच्या वखारीत रखवालदार हवाय. मी विचारून आलोय. दुकान देऊन टाकू कुणाला तरी."

मी पातेलं खाली ठेवलं. "काय काम असतं तिथं?"

"फाटकाशी खुर्ची असते. बसायचं. लक्ष ठेवायचं."

मला रडू आलं. दुकानाचं नव्हे, त्या खुर्चीचं. मला तो माणूस स्पष्ट दिसला: फाटकाशी एकटा, कुणी जवळ यायचं नाही, कुणाजवळ जायचं नाही, आणि गोळ्या मात्र वेळच्या वेळी. इतकी वर्षं आम्ही ज्याला वाचवलं म्हणून खूश होतो, तो असा हळूहळू आमच्या हातून निसटत होता. "याला जगणं म्हणायचं?" मी ओरडले. "ताईंना आता काय सांगणार, उत्तम?"

तेवढ्यात आमच्या ह्यांनी ताटातून मान वर केली. "फाटकाशी काय बोलणार आहेस तू?" एवढं एकच वाक्य बोलले आणि पुन्हा जेवायला लागले. भावजी वखारीत काही गेले नाहीत.

दोन दिवसांनी ते स्वतःहून म्हणाले, "दवाखान्यात जाऊन येऊ." तारीख नसताना जाण्याची ही पहिलीच वेळ. ताईंसमोर बसून भावजी खऱ्या अर्थानं बोलले. मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. हात लावायची इच्छा आहे, ते म्हणाले, पण न सांगता हात लावला तर फसवल्यासारखं वाटतं. म्हणून बँडमास्तरला सगळं सांगायचं आहे.

"सांगायचं तुमच्यावर बंधन नाही," ताई म्हणाल्या. "धोकाच नाही, तर फसवणूक कसली? पण सांगून तुमच्या मनावरचं ओझं उतरणार असेल, तर सांगा. समोरचा कसाही वागेल, एवढी तयारी ठेवा."

मला ते अजिबात पसंत नव्हतं. बँडमास्तरचं तोंड म्हणजे दुसरं ट्रंपेटच. उद्या गावभर झालं तर? वाटेत मी भावजींना हेच ऐकवत होते. ते म्हणाले, "वहिनी, माझ्या नजरेची गोष्ट तुम्ही गावभर केलीत. ती खोटी होती. ही निदान खरी तरी आहे."

बँडमास्तर ठरल्या दिवशी आला. भावजींनी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहून, मशीनवर एक हात ठेवून, सांगून टाकलं. आजार कोणता, किती वर्षं, गोळ्या, ताई काय म्हणतात, नजरेचं माप का सुरू झालं, सगळं. मध्ये कुठंही थांबले नाहीत. बँडमास्तर ऐकता ऐकता आपल्या तळहातांकडे बघत होता. शेवटी उठला. "विचार करून सांगतो," म्हणाला, आणि गेला. पांढरे बूट पायऱ्या चढून दिसेनासे झाले.

मी मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. वाटलं, गेलं काम, आणि उद्यापासून लोक रस्त्याच्या पलीकडून चालायला लागतील. मागे वळून बघते तर भावजी डबा उघडून जेवायला बसले होते. एरवी अर्धा डबा परत नेणारा माणूस, त्यानं पार चाटूनपुसून संपवला.

"भूक कशी लागते हो तुम्हाला?"

"लागलीय खरी," ते म्हणाले. "छातीवरची इस्त्री कुणी तरी उचलल्यासारखं वाटतंय. तो नाही आला तरी चालेल, वहिनी. मी सांगितलं. माझ्या तोंडानं सांगितलं."

गल्लीत कुणी काही बोललं नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बारीक नजरेनं बघत होते, पण दूधवाला नेहमीसारखाच थापा मारत होता आणि समोरची घड्याळवाली नेहमीसारखीच माझ्याकडून सुई मागून नेत होती. त्यानंतरचा आठवडा संपायच्या आधी एका दुपारी खिडकीत पांढरे बूट थांबले. थोडा वेळ तिथंच थांबले. मग पायऱ्या उतरले.

"मी घाबरलो होतो, मास्तर," बँडमास्तर आत येऊन म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "खोटं कशाला बोलू? घरी जाऊन हात धुतले. तुम्ही हात लावलाही नव्हता, तरी धुतले. मग माझीच मला लाज वाटली. आमच्या डॉक्टरांकडे गेलो. तुमचं नाव नाही सांगितलं. त्यांनी मला असं झापलं की विचारू नका. म्हणाले, या वयात एवढंही माहीत नाही?" त्यानं कोट काढून माझ्या काउंटरवर ठेवला. "बँडमधल्या पोरांना मी काही बोललेलो नाही. त्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. आधी माझं माप घ्या."

भावजींनी टेबलावरची टेप उचलली. इतके दिवस ती मी वापरत होते, पण त्यांच्या हाताला नवीच होती. मी पेन्सिल घेऊन उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच श्वास रोखून धरलाय.

त्यांनी बाहीची लांबी घेतली. खांदा घेतला. तिथवर टेपचं नुसतं टोक टेकत होतं, बोट नाही. त्यांनी आकडे सांगितले, मी लिहिले. मग छाती राहिली. छातीचं माप असं टोकानं घेता येत नाही. माणसाच्या दोन्ही बगलांखालून हात घालून पाठीमागे न्यावे लागतात, टेप तिकडं पकडावी लागते, आणि तेवढ्या वेळापुरता आपला गाल जवळजवळ त्याच्या छातीला लागतो. टेलर लोकांना त्याचं काही वाटत नाही. दिवसातून कितीदा तरी करतात.

बँडमास्तर हात वर करून उभा होता. भावजी त्याच्यासमोर थांबले. मशीनच्या पट्ट्यावर माशी बसलेली मला दिसत होती.

"सावकाश घ्या, मास्तर," बँडमास्तर म्हणाला. "ट्रंपेट धरून धरून हात तयार आहेत माझे. दुखत नाहीत."

भावजी पुढे झाले. त्यांचे हात त्या गोल, मोठ्या अंगाभोवती गेले, मागे एकमेकांना भेटले आणि तिथंच राहिले. टेप पकडायला एवढा वेळ लागत नाही. चष्मा बँडमास्तरच्या शर्टाला टेकून तिरका झाला होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी तशीच उभी होते.

मग टेप पुढं आली. भावजींनी ती दोन बोटांत धरली, चष्मा सरळ केला, आकडा वाचला आणि मला सांगितला. मी पेन्सिल टेकवली.

"लिहू नका अजून, वहिनी," ते म्हणाले. "पुन्हा घेतो."